फुलीचा टाका आणि बाळबोध अक्षरे

जुन्या मराठी कागदपत्रांत एक गमतीची चाल आढळते. ज्याला लिहिता येत नसे त्याचे नाव लेखनिक लिही, आणि नावाशेजारी त्या माणसाच्या धंद्याची निशाणी काढी. कुणब्याची निशाणी नांगर, लढाऊ माणसाची कट्यार. बाईची निशाणी बहुधा बांगडी. पुरुषांत धंद्यागणिक निशाण्या निराळ्या. बायकांना मात्र एका बांगडीत सगळ्यांनी बसायचे! साहेबाच्या देशात याच कामासाठी फुली चाले. लिहिता न येणाऱ्याने कागदावर दोन तिरक्या रेघा एकमेकींवर ओढायच्या, की झाली सही.

या फुलीशी माझे नाते गेल्या तीस-पस्तीस वर्षांचे आहे, पण ते सहीपुरते नाही. मी क्रॉस स्टिच करते. आमच्या आईच्या तोंडी त्याला 'फुलीचा टाका' हेच नाव होते, आणि मला तेच आवडते. ज्यांनी तो कधी घातला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कापड असे घ्यायचे की ज्याची वीण चौकटी-चौकटीची दिसेल. पूर्वी त्यासाठी मॅटी घेत किंवा तागाची जाळी घेत, आता आयडा नावाचे कापड सर्रास मिळते. एका चौकटीच्या एका कोपऱ्यातून सुई वर काढून समोरच्या कोपऱ्यात खाली घालायची, मग उरलेल्या दोन कोपऱ्यांतून तसेच. ही एक फुली. कापडावर नक्षी छापलेली नसते. ती शेजारच्या चौकटींच्या कागदावर असते, आणि कागदावरचे घर मोजून कापडावरचे घर भरायचे असते. माझ्या कापडावर इंचाला चौदा घरे आहेत, म्हणजे एका चौरस इंचात एकशे शहाण्णव फुल्या. दहा इंच बाय आठ इंचांचे चित्र सबंध भरायचे तर पंधरा हजार सहाशे ऐंशी. माझा हात तासाला सव्वाशे फुल्यांचा. हिशेब वाचकांनीच करावा. मी तो घरच्या माणसांपुढे करीत नाही.

दोऱ्याच्या लडीत सहा पदर असतात, त्यांतले दोन वेगळे काढून ओवायचे. सुई बोथट टोकाची, कारण तिला धागा टोचायचा नसतो, दोन धाग्यांमधून वाट काढायची असते. रंगांना नावांऐवजी आकडे. अँकरच्या दोऱ्यात 403 म्हणजे काळा, फ्रान्सच्या डीएमसीत तोच 310. मला नातलगांचे वाढदिवस आठवत नाहीत, पण हे आकडे झोपेतून उठवून विचारले तरी सांगेन.

मी 1989 साली भाईंदर पूर्वेला गोडदेवात राहायला आले. मीरा-भाईंदरची नगरपरिषद तेव्हा चार वर्षांची होती. महानगरपालिका व्हायला 2002 साल उजाडावे लागले. गोडदेव मूळचे आगऱ्यांचे गाव. आगर म्हणजे मिठागर, त्यावरूनच आगरी हे नाव पडले असे मानतात. आता गाव इमारतींच्या पोटात गेले आहे. नाक्यावरून स्टेशनकडे जाताना दोन इमारतींच्या फटीत एखादे कौलारू घर आणि तुळशीवृंदावन दिसते, तेवढे जुने. माझी नोकरी चर्चगेटला. पश्चिम रेल्वेने 1992 साली चर्चगेट ते बोरिवली अशी केवळ बायकांची लोकल सुरू केली, तेव्हा वर्तमानपत्रांना त्याचे मोठे अप्रूप वाटले. आम्हां डब्यातल्या बायकांना बायकांच्या डब्याचे अप्रूप नव्हते. तिथे भाजी निवडली जाई, हरिपाठ होई, हळदीकुंकू होई आणि सुया चालत. बसायला जागा मिळाली तर अंधेरीपर्यंत एक पान पुरे व्हायचे. उभे राहून काही करता येत नसे, पण शेजारणीचा नमुना पाठ करता येई. माझ्या घरातल्या निम्म्या कामावर रेल्वेचा धक्का बसलेला आहे, आणि तो फक्त मला दिसतो.

आता या टाक्याच्या इतिहासाकडे वळते.

युरोपात नमुन्यांची छापील पुस्तके सोळाव्या शतकात निघू लागली. जर्मनीतल्या आउग्सबुर्ग येथे 1523च्या सुमारास निघालेले पुस्तक त्यांतले पहिले समजतात. पुस्तक ज्यांना परवडत नसे त्या मुली कापडाच्या पट्टीवर टाके नि नक्ष्या उतरवून ठेवीत. ती पट्टी हीच त्यांची वही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जेन बोस्टॉक नावाच्या बाईची अशी पट्टी आहे. तीवर 1598 साल, करणारीचे नाव आणि एका मुलीच्या जन्माची नोंद टाक्यांनी भरलेली आहे. साल घातलेल्या इंग्रज पट्ट्यांत हीच सर्वांत जुनी. ही पट्टी जेव्हा भरली गेली तेव्हा आपल्या कोकण किनाऱ्यावर, वसईला, पोर्तुगीज बसून साठ-पासष्ट वर्षे झाली होती. नाव, साल, कारण. एका बाईने सुईने केलेला हा पुरता दस्तऐवज. बांगडी काढून कुणी तिची बोळवण केली नाही.

पुढे या पट्ट्यांवर मुळाक्षरे आली. घरातल्या चादरी-टॉवेलांवर मालकाच्या नावाची अक्षरे नि आकडे भरायचे काम मोलकरणींना असे, म्हणून गरिबांच्या शाळांतून मुलींना फुलीच्या टाक्याने अक्षरे शिकवीत. यातून विलक्षण गोष्टी घडल्या. इंग्लंडच्या ससेक्स परगण्यात एलिझाबेथ पार्कर नावाची मुलगी 1813 साली जन्मली. ती घरकामाला राहिली. तिथे मालकाने तिचा छळ केला. तिच्या मनात जीव देण्याचे विचार येऊ लागले. 1830च्या सुमारास तिने एका पांढऱ्या कापडावर लाल रेशमाने, बारीक फुल्यांनी, ही सगळी हकीकत भरून काढली. आरंभीच ती सांगते की मला लिहिता येत नाही, म्हणून मी हे असे मांडते आहे. लिहिता येत नाही हे ती लिहूनच सांगते आहे, पण सुईच्या लिहिण्याला ती लिहिणे समजत नाही! मजकूर भरत भरत ती खाली येते आणि वाक्याच्या मध्येच थांबते. खालचे कापड कोरे आहे. ती त्यानंतर पुष्कळ वर्षे जगली आणि शिक्षिका झाली. ते कापड आज त्याच संग्रहालयात आहे. मी त्याचा फोटो मोठा करून पाहिला आहे. त्यात ना फूल, ना पक्षी, ना किनार. आजवर पाहिलेल्या कुठल्याही भरतकामाने मला इतके अस्वस्थ केलेले नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनच्या छापखानदारांनी चौकटींच्या कागदावर हाताने रंगवलेले नमुने विकायला काढले. एक चौकट म्हणजे एक टाका. लोकर तिथलीच. 1856 साली पर्किनने डांबरापासून जांभळा रंग काढला आणि मग भडक रंगांना ऊत आला. गालिचे, पायपुसणी, उशा, कुत्रे, गुलाब! आपल्या घरांत जाळीवर लोकरीने भरलेले पोपट नि गुलाब ज्यांनी पाहिले असतील, त्यांना त्या पोपटांचे आजोळ बर्लिनला आहे हे कळले तर मौज वाटेल.

हे सारे आपल्याकडे आले ते मुलींच्या शाळेतून. मुंबईत अमेरिकन मिशनऱ्यांनी 1824 साली मुलींची शाळा काढली. तीन वर्षांनी सिंथिया फॅरार या अविवाहित बाई त्याच कामासाठी मुंबईस आल्या आणि पुढे अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला गेल्या. सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचे धडे या फॅरारबाईंकडे घेतले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. मिशनच्या शाळांत वाचन-लेखनाच्या जोडीला शिवणकाम असे. मुलीला नुसती अक्षरे शिकवायची म्हटले तर आईबाप बिचकत. शिवण म्हटले की जरा धीर येई. सुईच्या पाठीमागे लपून अक्षर घरात शिरले, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

पण याच सुईने अक्षराची वाटही अडवली. पुण्यात 1884 साली हुजूरपागेची शाळा निघाली, आणि मुलींना मुलांसारखे इंग्रजी कशाला, घरसंसाराला उपयोगी पडेल तेवढे शिकवा, असा ओरडा झाला. त्या यादीत शिवणटिपण अग्रभागी. उलट बाजूने पाहावे तर ज्या बाईला कुणी नव्हते तिला सुईनेच पोट दिले. पंडिता रमाबाईंनी 1889 साली शारदा सदन काढले, पुढे केडगावला मुक्ती सदन उभे केले. रमाबाई रानड्यांनी 1909 साली पुण्याचे सेवासदन सुरू केले. या घरांतून शिवणकाम शिकलेल्या किती विधवांनी स्वतःच्या कमाईचा घास खाल्ला असेल! म्हणून कुणी भरतकामाला बायकांची बेडी म्हटले की मला पटत नाही, आणि कुणी त्याला स्त्रीचा दागिना म्हटले की मुळीच पटत नाही.

मध्यमवर्गीय घरांत मात्र या कामाचा मुक्काम रुखवतात पडला. लग्नाच्या मांडवात टेबलावर लाडू-करंज्यांच्या शेजारी वधूने केलेले टेबलक्लॉथ, उशांचे अभ्रे, मण्यांची तोरणे आणि चौकटीत बसवलेले 'वेलकम'. पुष्कळदा ते मावशीने, शेजारणीने केलेले असे आणि नवरीच्या नावावर खपे. हे 'वेलकम' इंग्रजी अक्षरांत. कारण उघड आहे. नमुन्याचे कागद विलायतेहून आले, त्यांबरोबर मुळाक्षरेही तिथलीच आली. आपल्याकडे पाहुण्याला नुसते 'या' म्हणतात. एक अक्षर! तेवढ्यासाठी बायकांनी सात अक्षरे भरली, आणि त्यांतल्या कित्येकींना ती वाचताही येत नव्हती.

मग आपला स्वतःचा मोजून घातलेला टाका नव्हता का? होता, आणि तो बेळगाव-धारवाडकडे अजून आहे. कानडीत कै म्हणजे हात आणि सूती म्हणजे सूत, त्यावरून कसुती. हे जिल्हे 1956 पर्यंत मुंबई राज्यातच होते, आणि इरकली लुगड्याने व काळ्या चंद्रकळेने मराठी नि कानडी असा भेद कधी केला नाही. कसुतीत कापडावर नक्षी काढून घेत नाहीत. ताणे-बाणे मोजत जायचे. गाठ मारायची नाही. तिचे टाके चार. गवंती आणि मुर्गी हे असे की कापडाच्या दोन्ही बाजूंना नक्षी सारखीच उतरते. नेगी हा धावदोऱ्यासारखा. आणि चौथा मेंथे, म्हणजे मेथी. हा मेथीचा टाका म्हणजेच आपली फुली! गोपुरे, रथ, अंबारीचा हत्ती, पाळणा, तुळशीवृंदावन हे सारे त्यातून उभे राहते. बर्लिनच्या कागदाचा त्यात काडीचा संबंध नाही.

आणि कसुती जिने पाहिली नाही तीही मोजणीला नवखी नव्हती. दिवाळी आहे म्हणून आठवण देते. चौकटीच्या कागदाला उदबत्तीने भोके पाडून अंगणात ठिपके उमटवायचा कागद कुणाच्या घरी नव्हता? पंधरा ते आठ, एकवीस ते अकरा, असे ठिपक्यांचे हिशेब शाळेचे तोंड न पाहिलेल्या बायका बोटांवर करीत. त्यांच्या हातात मॅटी आणि सुई पडली तेव्हा त्यांना शिकण्यासारखे थोडेच उरले होते. फक्त रांगोळी संध्याकाळपर्यंत पुसून जाते, आणि कसुतीच्या लुगड्यावर कुणी नाव घालीत नाही. मोजणी आपल्याकडे होती. नाव-सालाची चाल नव्हती.

हे मला नीट उमगले ते आमच्या शेजारच्या आजींमुळे. त्यांची जुनी इमारत पुनर्विकासाला गेली. सामान बांधताना सुनेने एक चौकट कचऱ्याच्या ढिगावर ठेवली होती. मी ती मागून घेतली. तागाच्या जाळीवर लोकरीने भरलेले 'वेलकम', दोन बाजूंना दोन पोपट. आजींच्या लग्नातले, म्हणजे साठ वर्षांपलीकडचे. कुणी केले, असे विचारले. आजी म्हणाल्या, "मना नाय म्हायीत, बाय. मांडवात व्हता."

मी चौकट उघडली. भरतकामाची उजवी बाजू पाहुण्यांसाठी असते. खरे वाचायचे असेल तर उलटी बाजू पाहावी. पहिल्या अक्षराच्या पाठीमागे गाठीच गाठी होत्या, एका रंगावरून दुसऱ्यावर लोकर लांब ओढत नेलेली. चौथ्या अक्षरापासून गाठी नाहीशा झाल्या. दोऱ्याची टोके शेजारच्या टाक्यांखाली नीट सरकवलेली. म्हणजे करणारी हे काम करता करताच शिकली. अक्षरे डावीकडून भरत नेली आणि जागा पुरेना, तेव्हा शेवटची दोन अंग चोरून बसवली. आणि सर्वांत मोठी गोष्ट पोपटांत होती. फुलीत वरचा दोरा नेहमी एकाच दिशेला झुकलेला ठेवतात, हे हाताच्या वळणाचे असते. सगळ्या अक्षरांत आणि डाव्या पोपटात तो उजवीकडे झुकला होता. उजव्या पोपटात डावीकडे. दुसरा हात! बहीण असेल, मैत्रीण असेल, लग्न चार दिवसांवर आले म्हणून मदतीला बसलेली आई असेल. दोन बायकांनी मिळून केलेले काम साठ वर्षे भिंतीवर होते, आणि त्यांच्यासाठी त्यावर बांगडीसुद्धा नव्हती.

तेव्हापासून मी बाळबोध मुळाक्षरांची पट्टी भरायला घेतली आहे. स्वर बारा, व्यंजने क्ष-ज्ञ धरून छत्तीस. एकूण अठ्ठेचाळीस, आठ-आठांच्या सहा ओळी. नमुना तयार मिळाला नाही, म्हणून आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने स्वतः बसवला. रोमन अक्षरांना चौकटी सोप्या. काही तर उभ्या-आडव्या दांड्यांचीच असतात. आपल्या अक्षरांत शिरोरेषा नि काना तेवढे शहाणे, बाकी सगळे वळणदार. खिळ्यांच्या छपाईसाठी या वळणांवर केवढी मेहनत झाली आहे! गणपत कृष्णाजींनी 1831 साली पंचांग छापले ते शिळाप्रेसवर. जावजी दादाजींनी 1869 साली निर्णयसागर काढला आणि त्यांच्या खिळ्यांनी मराठी नि संस्कृत ग्रंथांना रूप दिले. शिशात अक्षर बसवायला अशी माणसे मिळाली. चौकटीत बसवायला बायका होत्या, पण त्यांना कुणी सांगितलेच नाही.

मी शिरोरेषेला एक घर आणि अक्षराच्या अंगाला दहा घरे दिली. एवढ्यात ग, त, न, म, र आनंदाने बसतात. ऐ आणि ओ-औ यांच्या मात्रांसाठी स्वरांच्या ओळींवर चार घरे जास्त सोडावी लागली. झ आणि ज्ञ यांनी प्रत्येकी एक आठवडा घेतला. ण म्हणजे तीन दांड्यांच्या मध्ये काय करायचे हा प्रश्न. रात्री जेवणे आटोपली की दिव्याखाली बसते. आता नोकरी नाही आणि लोकलही नाही, तेव्हा हात स्थिर आहे पण डोळे पूर्वीचे नाहीत. भिंग लावून तासभर, मग पुरे.

दुसरे एक काम त्याच्याबरोबर चालू आहे, कंटाळा आला की हातपालट म्हणून. भाईंदरची मिठागरे. बांधांनी पाडलेले चौकोन, त्यांत भरतीचे पाणी घेऊन एका वाफ्यातून दुसऱ्यात आटवत नेलेले, काठाला मिठाच्या राशी. मुळात चौकटीच्या कापडासाठीच केलेले दृश्य वाटते; मिठाचा खडासुद्धा भिंगातून पाहिला तर चौकोनीच. पण अडचण अशी की कापड पांढरे आणि मीठही पांढरे. शेवटी राशी कोऱ्याच ठेवून त्यांच्याभोवतीचे पाणी भरते आहे, पाच निळ्या-करड्या छटांत. आजी येऊन बघून गेल्या. त्यांचे वडील मिठागरावर कामाला होते. राशी टोकदार असायच्या, तू बोडक्या काढल्यास, एवढेच बोलल्या. त्या राशी आता टोकदार होत आहेत.

आजींच्या चौकटीला मी मागून नवे कापड लावले आणि त्यावर काळ्या दोऱ्याने दोन ओळी भरल्या: गोडदेव, दोन बायकांचे काम. साल घालण्यासाठी आजींना लग्नाचे साल विचारले. त्यांनी साल सांगितले नाही. त्या वर्षी पाऊस किती झाला, भात किती आले आणि कुणाच्या घरी कोण जन्मले ते सांगितले. जन्मलेला तो मुलगा नाक्यावर दुकान चालवतो. त्याचे जन्मसाल विचारायला मी उद्या जाणार आहे.

मुळाक्षरांच्या पट्टीवर ह पर्यंत आले आहे. पुढचे अक्षर ळ. दोन वाटोळे पोट, मध्ये दांडी नाही, आणि शिरोरेषेला लोंबकळायला जेमतेम एक घर. त्याचे चार नमुने काढून झाले. पाचवा बरा दिसतो आहे.